भोसलेकालीन मुक्काम

शुक्रवार, २२ सप्टेंबर २०२३, सकाळी ११.१०

जाहिरातीत वाड्याचा दरवाजा गल्लीत एकटाच, ऐटीत उभा होता. प्रत्यक्षात त्याच्या डाव्या अंगाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, उजव्या अंगाला विजेची डीपी, आणि पुढ्यात गणेशमंडळाच्या मंडपाचा बांबू अशा बेतानं रोवलेला की बॅगा आडव्या करूनच आत न्याव्या लागल्या. बडकस चौकातून आत वळल्यापासून ऑटोवाला प्रत्येक पानठेल्यावर पत्ता विचारत होता. वाडा कुणालाच माहीत नव्हता. ‘ते फोटो काढतेत ते घर’ म्हटल्यावर मात्र सगळ्यांना कळलं.

आई नागपूरच्या याच महाल भागात जन्मली. तिचं माहेरचं घर कधीच पाडलं गेलं, तिथे आता पार्किंगवर चार मजले उभे आहेत. मामा तेव्हाच शहराच्या पश्चिम टोकाला, अंबाझरी लेआउटमध्ये राहायला गेला आणि घरच्या महालक्ष्म्याही त्याच्याबरोबर तिकडे गेल्या. यंदा पुण्याहून आम्ही, रायपूरहून मावशी, अमरावतीहून मामीच्या माहेरचे, अशी सगळीच माणसं एकदम जमली. मामाकडे पाय ठेवायला जागा उरेना. तेव्हा माझ्या नवऱ्याला सुचलं की सासूबाईंना त्यांच्या महालातच, खऱ्याखुऱ्या वाड्यात मुक्कामाला ठेवू. भाडं आगाऊ भरलं, वर डिपॉझिट. जाहिरातीचं शीर्षक होतं, ‘भोसलेकालीन वाड्यात राजेशाही मुक्काम’.

११.३०

आईनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. चपला काढायच्या आधीच ती छताकडे बघायला लागली. ओसरीच्या सागवानी खांबांबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. पण दिवाणखान्याच्या छताला तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर होते.

“नागपुरात रेल्वे आली १८६७ला,” ती केअरटेकर पोराला म्हणाली. तो विशीतला, खांद्यावर दुपट्टा, हातात किल्ल्यांचा जुडगा. “त्याच्याआधी असलं लोखंड इथे कोण आणणार? तिसरे रघुजी वारले १८५३च्या डिसेंबरात, पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. राजवाडा होता, तोही १८६४च्या आगीत गेला. मग तुझा वाडा भोसलेकालीन कसा?”

“मालकानं जे लिहून देल्लं तेच सांगून राह्यलो, आजी.”

त्याचं बरोबर होतं. दीडशे वर्षांचं घर ही काही लाजायची गोष्ट नाही. सावकाराचं असेल, एखाद्या वकिलाचं असेल. एम्प्रेस मिल सुरू झाली १८७७ला, त्यानंतर गावात पैसा खेळायला लागला, त्यातल्या कुणाचं असेल. पण भाड्यानं द्यायच्या घराला साधा मालक चालत नाही, राजाच लागतो.

१२.१५

घराची पाहणी पूर्ण. एसी एका खोलीत, तीही तळमजल्यावरची, म्हणून ती आईला दिली, गुडघ्यांसाठी. बाकीच्यांना माडी. माडीवर पंखे नाहीत, कारण पंख्यानं म्हणे जुनेपण बिघडतं. त्याऐवजी भिंतीवर दोन ढाली आणि एक तलवार. छताला पीओपी करून त्यात पिवळे दिवे. बाथरूम ओसरीच्या पार टोकाला. गीझरला बटण आहे, पण त्या बटणाचा गीझरशी काही संबंध असल्याचं जाणवत नाही.

चौक मात्र फोटोत होता तसाच निघाला. मधोमध सागाची बंगई, पितळी कड्यांची. खाली निळ्या-पांढऱ्या मोरोक्कन टाइल्स, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकसंध. तुळशीवृंदावन कोपऱ्यात सरकवलेलं, कारण ते फोटोत मधे यायचं. मुलं बंगईवर जाऊन बसली. आई चौकाच्या कडेनं एक चक्कर मारून आली.

“मोरी कुठाय रे?”

पोरानं तिला बाथरूम दाखवलं.

“ही नव्हे. चौकातली.”

“चौकात तं काहीच नाही, आजी. टाइल्स आहेत न.”

आई काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मामाचा फोन आला की पान मांडायची वेळ झाली, निघा.

दुपारी १.३० ते संध्याकाळी ६

हे तास सुखाचे गेले. विदर्भातल्या महालक्ष्म्या ज्यांनी पाहिल्या नाहीत, त्यांनी पुण्या-मुंबईकडच्या खड्यांच्या गौरी पाहून अंदाज बांधू नये. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माणसाच्या उंचीच्या, भरजरी लुगड्यात उभ्या. शेजारी बाळं, पुढे धान्याच्या राशी, वरती फुलोरा टांगलेला. मुखवटे पितळी, मामाच्या पणजीच्या वेळचे. नैवेद्याला पुरण, सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पंचामृत. मामी पहाटे उठलेली. बसायला जागा नव्हती म्हणून पंगती लागल्या आणि प्रत्येक पंगतीत कुणीतरी रुसलं, म्हणजे सगळं रीतीप्रमाणे झालं.

मामाचं घर तळमजल्याचं, पुढे फाटक, मागे सांदवाडी. अंबाझरी तलावापासून चालत जाण्याइतकं जवळ. चहानंतर मुलांना फिरवायला मामा तिकडे घेऊन गेला. दर पावसाळ्यात तलाव भरला की अर्धं नागपूर ‘ओव्हरफ्लो’ बघायला अंबाझरीवर जातं, हे मला लहानपणापासून माहीत. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून येते, या तलावात शिरते, आणि सांडव्यावरून पुन्हा नदी होऊन शहरात उतरते. गावाचं नाव जिच्यावरून पडलं ती हीच. पण आज तिला नदी म्हणणारे थोडे, नाला म्हणणारे फार. धरण १८७०च्या सुमाराचं, शहराला पिण्याचं पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. म्हणजे आमच्या ‘भोसलेकालीन’ वाड्याच्याच वयाचं, असं आईचं गणित.

रात्री ८.५०

डब्यांत पुरणपोळ्या भरून महालात परत. गल्लीत मंडपाचे स्पीकर चालू. टाकीतलं पाणी संपलेलं.

“सकाळी नळ येतो न,” पोरगा म्हणाला.

“आत्ता काय करायचं?”

“आत्ता नळ नाही येत.”

९.४०

टँकरवाल्याला फोन केल्यावर त्यानं तीन बादल्यांसाठी कुणी टँकर बोलावतं का, असा रास्त प्रश्न विचारला. शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या ड्रममधून पाणी दिलं. धाकट्यानं सुचवलं की पुढल्या पोळ्याच्या पाडव्याला वाड्याच्या मालकाचा बडग्या काढावा. नुकत्याच, पंधरा तारखेला, मारबती निघाल्या होत्या आणि मामानं त्याला त्यांचे व्हिडिओ दाखवले होते. काळी मारबत १८८१पासून, पिवळी १८८५पासून, आणि सोबत वर्षभर लोकांना छळणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे पुतळे, म्हणजे बडगे. कल्पना सगळ्यांना आवडली. आईनं एवढंच म्हटलं की बडग्यांची रांग आधीच लांब असते.

११.१५

उकाडा असह्य. माडीवरची खिडकी रंगानं चिकटलेली, उघडेना. वायफायचा पासवर्ड ‘रघुजी’ नव्हता, ‘भोसले’ नव्हता, आणि पोरगा झोपला होता.

नवरा मोबाइलच्या उजेडात तक्रार लिहायला बसला. तो ऑडिटर आहे, त्याला मुद्दे घालायची सवय. मुद्दा पहिला, गीझर. दुसरा, पंखे. तिसरा, पाणी. चौथा, ऐतिहासिक दिशाभूल, उपमुद्दे अ ते ड, सौजन्य सासूबाई. मी झोपले तेव्हा तो सातव्यावर होता.

शनिवार, २३ सप्टेंबर, रात्री १.५०

विजांनी जाग आली. मधे अंधार पडेना, इतक्या लागोपाठ. मग पाऊस. पुण्यातला पाऊस येतो, थांबतो, परत येतो. हा नुसता पडत होता, एकाच जाड आवाजात, आणि तो आवाज कमी होत नव्हता. कवेलूंवर, चौकात, गल्लीतल्या मंडपाच्या पत्र्यावर.

२.१५

पीओपीच्या छताला, पिवळ्या दिव्याशेजारी, एक फुगवटा आला. नवऱ्यानं गादी सरकवली. दोन मिनिटांनी तो फुगवटा दिव्यासकट खाली आला. वरची कवेलू बदलताना मिस्त्रीनं जुन्या नळ्यांवर नवी थापडी बसवली होती, दोन्हींचा मेळ नव्हता, आणि पीओपीनं ते सारं झाकून ठेवलं होतं. मुद्दा आठवा.

२.३५

लाईन गेली. आमची, गल्लीतली, दिसेल तिथपर्यंतची.

२.५०

थोरली जिन्यावरून ओरडली, “आई, खाली स्विमिंग पूल झालाय.”

चौक भरला होता. बंगईची फळी पाण्याला टेकली होती. चपला आणि एक ढाल तरंगत होती. पाणी ओसरीच्या वरच्या पायरीला लागलेलं, आणि ओसरीला लागूनच आईची खोली. केअरटेकर पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहून बादलीनं पाणी उपसत होता आणि ते देवडीबाहेर फेकत होता. तो एक बादली फेकायचा तेवढ्यात वरून पन्नास पडायच्या.

हे कसं झालं ते उजेडी समजून घ्यायला सोपं आहे. चौकाच्या वाड्याची चारी छपरं आत उतरतात. घरावर पडलेल्या पावसातला मोठा भाग चौकातच येतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. जुन्या लोकांना हे माहीत होतं. चौकाच्या फरशीला ते एका कोपऱ्याकडे उतार देत, त्या कोपऱ्यात दगडी जाळीची मोरी ठेवत, आणि तिथून देवडीच्या पोटातून पाणी गल्लीच्या नालीत काढत. वाड्यात कुणी राहो न राहो, मोरी साफ ठेवावीच लागे. तलवार, ढाल, बंगई हे सगळं नंतरचं.

३.०५

आई एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा धरून ओसरीच्या कडेला आली. पाणी तिच्या उंबऱ्याला लागलं होतं.

“मोरी कुठाय?” तिनं परत विचारलं. या वेळी पोरानं बाथरूम दाखवलं नाही.

“आजी, मी आलो तवा टाइल्सच होत्या. मले खरंच नाही माहीत.”

आईनं टॉर्च खांबांच्या बुडाशी फिरवला. चार खांब, चार दगडी तळखडे. तीन चौकोनी, धारदार. देवडीकडच्या कोपऱ्यातल्या चौथ्याची एक कड गोलसर झिजलेली.

“तिथे. शंभर वर्षं पाणी त्याला घासून गेलंय. त्याच्यापुढची टाइल वाजवून बघ.”

नवरा आणि पोरगा दोघेही कोपऱ्यात उतरले. पाण्याखाली टाइल वाजते की नाही हे कळायला जरा वेळ गेला. मग कळलं. बाकीच्या भरीव लागत होत्या, ही पोकळ.

“सब्बल आहे?”

“आहे. पण आजी, साहेब मले काढून टाकतीन.”

“साहेबाला सांग, आजीनं फोडली. नाव लिहून देते.”

३.२५

दोन घावांत टाइल गेली. खाली सिमेंटचा थर. तो फुटायला वेळ लागला, कारण जे काम नको होतं तेवढंच मिस्त्रीनं मन लावून केलं होतं. त्याच्याखाली जाळी, आणि जाळीत कोंबलेलं सिमेंटचं रिकामं पोतं, माल आत जाऊ नये म्हणून. पोरानं खांद्यापर्यंत हात घालून ते उपसून काढलं. पाणी आधी गुरगुरलं, मग त्या कोपऱ्यात एक भोवरा तयार झाला, आणि बंगईची फळी हळूहळू मोकळी होऊन वर दिसायला लागली.

४.१०

चौक रिकामा. पाऊस चालूच, पण पडेल तेवढा जात होता. आईची गादी वाचली, बॅगा भिजल्या. गॅस होता, मेणबत्ती होती. पोरानं चहा केला, आणि अंगात ऊब आल्यावर माणसं करतात तसे विनोद सुरू झाले. नवऱ्याची तक्रार अकराव्या मुद्द्यावर गेली. ‘मूलभूत जलनिस्सारण व्यवस्था जाणीवपूर्वक बंद करून’ अशी त्याची सुरुवात होती. आमचं अरिष्ट आलं आणि गेलं, असं आम्हाला वाटलं.

४.५५

मामाचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

“घरात पाणी शिरलं. कमरेपर्यंत आहे. आम्ही शेजारच्यांच्या वर आलोय, सगळे आहेत. तुम्ही तिकडेच राहा. निघू नका.”

मागून मामीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी मुखवटे आणलेस का विचारत होती.

फोन कट झाला आणि परत लागला नाही.

५.३०

सोनेगावच्या विमानतळावर या वेळेपर्यंत १०६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, हे दुसऱ्या दिवशी वाचलं. बहुतेक सगळा मध्यरात्रीनंतरच्या चार तासांतला. त्या वेळी मात्र एवढंच माहीत होतं की फोन लागत नाही आणि गल्लीतली पोरं मोबाइलवर एकमेकांना व्हिडिओ दाखवत आहेत: मोरभवनच्या बसस्थानकात टपापर्यंत बुडालेल्या एसट्या, झाशी राणी चौकात वाहणाऱ्या गाड्या, सीताबर्डीत नदी कोणती आणि रस्ता कोणता हे ओळखू येत नाही. मुलांनी विचारलं, मामाआजोबांचं घर यात आहे का. कुणी उत्तर दिलं नाही.

६.४०

आम्ही निघालो. ऑटोवाला सीताबर्डीतून जायला तयार नव्हता आणि त्याचं खरंच होतं. रामझुल्यावरून स्टेशनकडे, कस्तुरचंद पार्क, सिव्हिल लाइन्स, रविनगर असा उंच भागातून वळसा घेत त्यानं रामनगरपर्यंत नेलं. तिथून पायी. पाऊस थांबला होता. वरच्या रस्त्यांवर पेपरवाले आणि दूधवाले नेहमीसारखे फिरत होते. दोन वळणं उतरलं की गाळ.

७.५०

पाणी ओसरलं होतं, पण जाताना त्यानं घर तसं ठेवलं नव्हतं. फ्रीज आडवा पडून स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. गाद्या, पुस्तकं, मामाच्या नोकरीच्या फायली, सगळ्यांचा एकच रंग. भिंतीवर गाळाची रेघ, माझ्या छातीच्या उंचीवर. मामा सांगत होता की पाणी दारातून आलं नाहीच. आधी बाथरूमच्या जाळीतून आलं, मग मागच्या सांदवाडीची भिंत आत पडली आणि सगळं एकदम. दिवा गेलेला. रायपूरच्या मावशीला दोघांनी खांद्याला धरून जिन्यापर्यंत नेलं. शेजारच्यांनी न विचारताच दार उघडं ठेवलं होतं.

महालक्ष्म्या उभ्या होत्या तिथे पत्र्याच्या कोठ्या आडव्या, लुगडी गाळात, धान्याच्या राशी वाहून गेलेल्या. फुलोरा तेवढा उंच टांगलेला म्हणून शाबूत होता, करंज्या लटकत होत्या. मुखवटे मामीनं आणले होते. एक तिनं, एक तिच्या भावानं, डोक्यावर धरून.

त्या दिवशी विसर्जन होतं. गुरुजी येणं शक्य नव्हतं. शेजारच्यांच्या पहिल्या मजल्यावर, सोफ्यावर टॉवेल अंथरून मुखवटे ठेवले, साखरेचा नैवेद्य दाखवला, मामीनं अक्षता टाकल्या. तिचे हात चिखलाचे होते. ते धुवायला नळाला पाणी नव्हतं.

९.३०

लष्कराच्या तुकड्या आल्या होत्या, एनडीआरएफ आणि एसडीआरएफच्या बोटीही. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बाहेर काढल्याचं कुणी सांगत होतं. शाळांना सुटी जाहीर झाली होती, ती मुलांना कळवायला कुणाकडे चार्ज नव्हता. या पुरात चार माणसं गेली. दहा हजारांच्या आसपास घरांत पाणी शिरलं. सरकारनं नंतर घराला दहा हजार, दुकानाला पन्नास हजार, टपरीला दहा हजार रुपयांची मदत जाहीर केली. मामाच्या एकट्या फ्रीजचा हिशेब यात कसाबसा बसतो.

आता थोडं पुढचं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डी. ज्या रांगेनं पाणी शिरलं ती रांग नदीचीच. पाऊस भयंकर होता यात वाद नाही. पण सांडव्यावरून सुटलेलं पाणी पुढे कुठून जाणार होतं? सांडव्याच्या पुढ्यात विवेकानंद स्मारक. त्याच्या खाली क्रेझी कॅसलच्या जागेत अरुंद झालेलं पात्र. स्केटिंग रिंकपाशी नदीवर घातलेला स्लॅब. मग काठांवर भिंती, भिंतींवर घरं, घरांपुढे पार्किंग. पूरग्रस्त रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली तेव्हा यातली एकेक गोष्ट कागदावर आली आणि प्रत्येक खात्यानं ती दुसऱ्या खात्याकडे सरकवली. पंचशील चौकातला पूल त्या रात्रीच्या पाण्यानं खचला. तो पुन्हा बांधायला जो काळ लागला त्यात वर्धा रोडवाल्यांनी नाग नदीचं नाव पूर्वी कधी घेतलं नसेल इतक्या वेळा घेतलं.

मला नदीवर घातलेला तो स्लॅब आणि वाड्याच्या मोरीवरची ती टाइल यांत फारसा फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी कुणाला तरी सपाट, स्वच्छ, फोटोत बरी दिसणारी जागा हवी होती. एवढाच फरक की वाड्यात सब्बल होती आणि ती कुठे मारायची हे सांगणारी आई होती.

११.००

वाड्याच्या मालकाचा मेसेज. चेकआउटची वेळ झाली आहे का, मुक्काम वाढवणार आहात का, वाढवल्यास दर शनिवारचा लागेल.

संध्याकाळी ५.२०

दुसरा मेसेज. ‘पाहुण्यांकडून झालेल्या नुकसानीपोटी’ टाइल्स, मजुरी आणि एक ढाल यांचे पैसे डिपॉझिटातून कापले आहेत. सोबत फुटलेल्या टाइलचा फोटो. फोटोत मोरीची जाळी स्वच्छ दिसत होती. परताव्याबद्दल विचारल्यावर उत्तर आलं की पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे, नियमात परतावा बसत नाही.

नवऱ्यानं अकरा मुद्दे पुन्हा वाचून काढले. मामाच्या घरातला गाळ उपसून त्याची नखं काळी झाली होती. पंखे, गीझर, तलवार हे त्यानं एकेक करून खोडलं. मोरीचा मुद्दा ठेवला, त्यात दोन ओळी वाढवल्या, आणि तो मालकाला न पाठवता महालाच्या झोन कार्यालयाचा ईमेल शोधत बसला.

रात्री ८

आईनं केअरटेकर पोराला फोन लावला. नोकरी आहे की गेली, तिला तेवढंच विचारायचं होतं.

“आहे न, आजी. साहेबांनं मले काही नाही म्हटलं. तुमचंच नाव सांगितलं मी.”

“बरं केलंस. आणि मोरी?”

“टाइल्स बोलावल्या साहेबांनं. सोमवारी मिस्त्री येऊन राह्यला.”